हाफकिन संस्था, परळ

हाफकिन संस्था : मुंबईत परळ येथे आचार्य दोंदे मार्गावर असलेली, महाराष्ट्र शासनाच्या अखत्यारीतील वैद्यकीय संशोधन संस्था. ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ या नावाने १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या वास्तूत तिचे उद्‌घाटन झाले. १९०६ मध्ये ती ‘बॉम्बे बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी’ झाली आणि १९२५ मध्ये संस्थापक वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन यांचे नाव तिला देण्यात आले. साधने तुटपुंजी, राज्य परके आणि साथ दारात, अशा स्थितीत सार्वजनिक आरोग्याची प्रयोगशाळा कशी उभी राहते, याचे भारतातील हे सर्वांत बोलके उदाहरण होय.

पार्श्वभूमी : सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांचा आजार गाठीचा प्लेग असल्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ओळखले. काही आठवड्यांतच लोक शहर सोडून जाऊ लागले. सक्तीची घरझडती आणि रुग्णांना उचलून इस्पितळात नेणे यांमुळे रोगाइतकीच सरकारची धास्ती बसली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. हेच आजचे कस्तुरबा रुग्णालय. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँड याच्यावर प्राणघातक हल्ला झाला, त्यामागेही प्लेगच्या बंदोबस्तातील जुलूमच होता.

मुंबई शहराची हद्द तेव्हा माहीमच्या खाडीपाशी संपत असे. खाडीपलीकडचे वांद्रे आणि त्याच्या उत्तरेला समुद्राकाठी वसलेला खारदांड्याचा कोळीवाडा हे ठाणे जिल्ह्यातील साष्टी तालुक्यात मोडत. मात्र रोगाने ही हद्द मानली नाही. वांद्र्याच्या गावठाणांतील अनेक जुने क्रूस प्लेगच्या त्या दिवसांशी निगडित आहेत. मुंबईच्या सार्वजनिक आरोग्याचा विचार केवळ शहरापुरता करून भागणार नाही, हे तेव्हाच दिसून आले. वांद्रे-खारचा पट्टा मुंबई महापालिकेच्या हद्दीत यायला मात्र १९५० साल उजाडले.

उभारणी : हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने त्यांना मुंबईस बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, तिला लागून एक वऱ्हांडा आणि एक कारकून व तीन शिपाई एवढीच सामग्री मिळाली. तेवढ्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांत लागण आणि मृत्यू दोन्ही कमी आढळले.

लस करण्याची रीत इथल्या परिस्थितीला धरून बसवलेली होती. मांसाच्या रसात जंतू वाढवायचे, पण गोमांस किंवा डुकराचे मांस वापरलेली लस लोक घेणार नाहीत, म्हणून बोकडाचे मांस घेण्यात आले. रसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडत. त्या थेंबांच्या तळाशी जंतूंची वाढ धरे आणि छताला लोंबणाऱ्या जळमटांसारखी खाली उतरू लागे. बाटली हलवली की ती तुटून तळाशी जाई आणि वर नवी वाढ सुरू होई. असे काही आठवडे चाले. शेवटी बाटल्या तापवून जंतू मारत आणि लस टिकावी म्हणून तीत कार्बोलिक आम्ल घालत.

मागणी वाढत गेली तशी प्रयोगशाळा जागा बदलत राहिली. खोजांचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी माझगावची आपली खुशरू लॉज ही वास्तू तिला दिली, स्वतः जाहीरपणे लस टोचून घेतली आणि त्यांच्यामागोमाग खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. सरकारी जबरदस्तीने जे साधले नाही ते विश्वासातल्या माणसाच्या उदाहरणाने साधले. अखेर परळचे जुने गव्हर्नमेंट हाउस प्रयोगशाळेला मिळाले. पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाच्या जागी गव्हर्नरचे निवासस्थान झाले होते. १८८२ मध्ये गव्हर्नरांच्या पत्नी लेडी फर्ग्युसन यांचा तेथे पटकीने मृत्यू झाला, त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार हिलवर हलवला. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते प्रयोगशाळेचे उद्‌घाटन झाले आणि मेजवान्यांच्या दालनांत लसीच्या बाटल्या आल्या.

मुल्कोवाल प्रकरण : ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. या सर्वांना एकाच, ५३ एन क्रमांकाच्या बाटलीतील लस दिली होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, ही बाब तपासात होती, पण तिला योग्य ते वजन मिळाले नाही. रोनाल्ड रॉस यांच्यासह १० शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरील ठपका मागे घेतला. ते भारतात परतले ते कलकत्त्यास. परळला पुन्हा रुजू झाले नाहीत. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले. प्रत्येक बाटलीला क्रमांक होता आणि कोणाला कुठली बाटली दिली याची नोंद होती, म्हणूनच सत्य शोधता आले. सार्वजनिक प्रयोगशाळेत नोंदवही ही सूक्ष्मदर्शकाच्या तोलाची असते, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

संशोधन : १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने परळला काम केले. शहरात पकडलेले व मेलेले उंदीर, ते कुठे सापडले याच्या चिठ्ठीसह प्रयोगशाळेत येत. अशा लाखावर उंदरांची तपासणी झाली. उंदरांतली साथ आधी आणि माणसांतली मागाहून, हा क्रम त्यातून पक्का झाला. पिसवांमार्फत रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये सुचवले होते, पण ते मानायला फारसे कोणी तयार नव्हते. पुढे संस्थेचे संचालक झालेले ग्लेन लिस्टन आणि आयोगातील त्यांचे सहकारी यांनी मुद्दाम बांधलेल्या खोल्यांत पिंजरे टांगून त्याचा पुरावा दिला. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिगला प्लेग झाला, दोन फुटांवरचा वाचला. हवा दोघांनाही तीच होती, पिसूची उडी मात्र वरपर्यंत पोहोचत नव्हती.

विस्तार : १८९७ ते १९२५ या काळात येथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखे हे पहिले भारतीय संचालक झाले. औषधे देशातच बनली पाहिजेत या आग्रहातून त्यांनी सल्फा औषधांच्या निर्मितीपर्यंत मजल मारली. घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्यात संस्थेने नाव मिळवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ते चालते. समुद्रसापाच्या विषावर मात्र या प्रतिविषाचा भरवसा धरता येत नाही आणि समुद्रसाप तर मुंबईच्या किनाऱ्यावर मासळीबरोबर जाळ्यात येतात. खारदांड्यासारख्या कोळीवाड्यांच्या दृष्टीने हे अपुरे राहिलेले काम आहे.

१९७५ मध्ये संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन, प्रशिक्षण व चाचणी हे काम मूळ संस्थेकडे राहिले. लसी व औषधांचे उत्पादन हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे गेले. पोलिओची तोंडावाटे द्यायची लस हे महामंडळाचे महत्त्वाचे उत्पादन ठरले.

तुलना : हाफकिन संस्था साथ दारात असताना उभी राहिली. तिच्याशी ताडून पाहण्याजोगी संस्था पुण्यात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन केले. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात उद्भवलेल्या क्यासनूर जंगल रोगाचा विषाणू या केंद्राने शोधला. १९७८ मध्ये ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. या संस्थेत २०२० मध्ये कोरोनाचा विषाणू वेगळा करता आला, कारण माणसे, उपकरणे आणि सवय यांची तयारी साथ नसलेल्या वर्षांत झाली होती.

मूल्यमापन : साथीच्या धाकात इमारत मिळते, पैसा सुटतो. पण प्रयोगशाळा टिकते ती शांततेच्या काळात भरलेल्या पदांवर, नियमित तपासणीवर आणि लोकांच्या विश्वासावर. एक खोली, एक वऱ्हांडा आणि चार माणसे यांपासून देशाला लस पुरवणारी संस्था घडली, ही परळची कमाई मोठी आहे. ती जपण्यासाठी पुढील साथीची वाट न पाहता संस्थेला पुरेसा निधी आणि पूर्णवेळ शास्त्रज्ञ देणे, हे महाराष्ट्राचे कर्तव्य आहे.