मानाचे पान कोणाचे?

भाद्रपद शुद्ध चतुर्थीपासून गौरी-गणपतीच्या विसर्जनापर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात गाणे असे थांबतच नाही. पहाटे काकड आरतीचा सूर, दुपारी नैवेद्याच्या वेळची आरती, संध्याकाळी वाडीतल्या घरोघरी फिरणारा आरतीचा मेळा, रात्री अंगणात जाखडी, गौरी आल्या की फुगड्या आणि झिम्म्याची गाणी. यांपैकी सर्वांत आवडते गाणे कोणते, हा वाद दरवर्षी प्रसादाचे वाटप सुरू असताना रंगतो. वाद घालणाऱ्यांत गावकरीही असतात आणि मुंबईहून आलेले चाकरमानीही. १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा मार्ग पूर्णपणे खुला झाल्यापासून चाकरमान्यांची संख्या वाढली आणि वादही वाढला.

असा वाद सोडवायला आधी कसोटी ठरवावी लागते. कॅसेट किंवा सीडी किती खपली, इंटरनेटवर किती जणांनी ऐकले, या कसोट्या शहरातल्या. रत्नागिरीच्या घरगुती गणपतीपुढे एकच कसोटी चालते. वीज गेली, ध्वनिक्षेपक बंद पडला, तर खोलीत जमलेल्या वीस-पंचवीस माणसांना ते गाणे शेवटपर्यंत म्हणता येते का? भाद्रपदातल्या पावसात वीज जातेच, म्हणून ही कसोटी काल्पनिक नाही.

'सुखकर्ता दुःखहर्ता' या आरतीला स्पर्धेत धरण्यात अर्थ नाही. पंगतीत यजमानाचे पान ठरलेले असते, तसे हिचे. समर्थ रामदासांच्या नावावर असलेली ही रचना मोरगावच्या मयूरेश्वराला उद्देशून आहे, असे परंपरा मानते. 'फणिवरबंधना' या शब्दाचे 'फळीवर वंदना' करणारी मंडळी प्रत्येक घरात सापडतात. दर चतुर्थीला कोणीतरी जाणता माणूस ती चूक सुधारतो आणि पुढच्या चतुर्थीला ती पुन्हा होते.

खरी चुरस दुसऱ्या पानापासून सुरू होते, आणि तिथे एक गंमत आहे. गणपतीपुढे सर्वांत जीव ओतून म्हटली जाणारी आरती गणपतीची नाहीच, ती विठ्ठलाची आहे. 'येई हो विठ्ठले'! 'विष्णुदास नामा' या नाममुद्रेची ही रचना आली की बसलेली माणसे उभी राहतात. तिच्यातील एक स्वर लांबवण्याची प्रथा आहे. कोणाचा दम अधिक टिकतो याची उघड चढाओढ लागते, लहान मुले लाल चेहऱ्याने श्वास धरून उभी असतात आणि झांज वाजवणारा हात मुद्दाम थांबवून सगळ्यांची परीक्षा घेतो. अर्थाच्या दृष्टीने पाहिले तर ही भक्ताची वाट पाहणारी आर्त हाक आहे, आणि हाक लांबवणे हेच तिचे व्याकरण आहे. संगीतकाराने बांधून न देताही एका गाण्याला इतका अचूक आविष्कार मिळावा, हे विलक्षण म्हटले पाहिजे. आमच्या मते दुसरे पान निर्विवादपणे हिचे.

तिसरे पान 'घालीन लोटांगण'चे. पुष्कळांना ही एकाच कवीची एकसंध रचना वाटते. प्रत्यक्षात ती वेगवेगळ्या काळांतल्या पाच तुकड्यांची गोधडी आहे. पहिले कडवे नामदेवांच्या नाममुद्रेचे मराठी; पुढे आई-वडील-सखा सर्व देवच असे सांगणारा प्रसिद्ध संस्कृत श्लोक; मग भागवताच्या अकराव्या स्कंधातला समर्पणाचा श्लोक; त्यानंतर शंकराचार्यांच्या नावे असलेल्या अच्युताष्टकाचा आरंभ; आणि अखेरीस कलिसंतरण उपनिषदातला नाममंत्र. संत, पुराण, आचार्य आणि उपनिषद यांना एका ठेक्यावर आणण्याचे काम कोणा एका पंडिताने केलेले नाही, टाळ्यांनी केले आहे. लय चढत जाते, माणसे स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात आणि ज्याला एकही आरती पाठ नाही तोही इथे सामील होतो. शंकराची 'लवथवती विक्राळा' शब्दकळेत हिच्यापेक्षा कितीतरी सरस आहे, परंतु दोन कडव्यांनंतर तिचा आवाज पाठांतर असलेल्या चार-पाच जणांपुरता उरतो.

आता ध्वनिमुद्रित गाण्यांकडे वळू. यांत पहिला क्रमांक आम्ही प्रल्हाद शिंदे यांच्या 'तूच सुखकर्ता, तूच दुःखहर्ता' या गीताला देतो. गीत हरेंद्र जाधव यांचे, संगीत मधुकर पाठक यांचे. कव्वाली आणि लोकगीतांच्या फडांत तयार झालेला तो खडा आवाज मांडवाच्या कर्ण्यातून येवो वा रिक्षाच्या छोट्या ध्वनिक्षेपकातून, अडखळत नाही. मुख्य म्हणजे चाल एकदा ऐकली की गळ्यात बसते.

दुसरा क्रमांक 'प्रथम तुला वंदितो' या गीताचा. १९७९ च्या 'अष्टविनायक' चित्रपटातील हे गीत शांताराम नांदगावकर यांचे, संगीत अनिल-अरुण यांचे आणि स्वर पंडित वसंतराव देशपांडे व अनुराधा पौडवाल यांचे. गायकीच्या तराजूत तोलले तर हे गाणे पहिले यायला हवे. पण वसंतरावांची फिरत घरच्या बैठकीत कोण पेलणार? हे गाणे लोक डोळे मिटून ऐकतात, सोबत गात नाहीत. आमच्या कसोटीवर एक पायरी खाली उतरते ते एवढ्याचसाठी.

शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर आणि लता मंगेशकर या त्रयीची 'गणराज रंगी नाचतो' आणि 'गजानना श्री गणराया' ही गाणी चतुर्थीच्या सकाळी पूजेची तयारी चालू असताना लागतात आणि तीच त्यांची खरी वेळ. त्यांना क्रमांक देण्यापेक्षा वेळ देणे अधिक न्याय्य. 'ओंकार स्वरूपा' हे श्रीधर फडके यांनी स्वरबद्ध केलेले आणि सुरेश वाडकर यांनी गायलेले पदही गणपतीत हमखास लावले जाते. ते सुरेख आहेच, पण एकनाथांचा हा अभंग सद्गुरूला केलेले वंदन आहे, गणपतीला नव्हे. अजय-अतुल यांचे 'मोरया मोरया' (चित्रपट 'उलाढाल', २००८) आणि 'देवा श्री गणेशा' (हिंदी 'अग्निपथ', २०१२) ही तरुणांची गाणी. विसर्जनाच्या मिरवणुकीत मांडवीच्या किनाऱ्यावर त्यांना तोड नाही. देवघरासमोरच्या चटईवर मात्र ती परकी वाटतात, कारण त्यांना भिंती हलवणारा आवाज हवा असतो.

एक जुना धडा इथे आठवण्याजोगा आहे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्यात पुढाकार घेतला, तेव्हा पुण्यामुंबईत मेळ्यांची पदे गाजली होती. त्या काळात त्यांची लोकप्रियता आजच्या चित्रपटगीतांहून कमी नव्हती. प्रसंगावर रचलेली ती पदे प्रसंगाबरोबर मागे पडली. त्यांच्यापेक्षा कितीतरी जुन्या आरत्या टिकल्या.

हे झाले सर्व महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या गाण्यांचे. परंतु रत्नागिरी जिल्ह्याचे स्वतःचे लाडके गाणे कोणते असे विचारले, तर उत्तर जाखडी हेच. मुंबईत कामाला असलेले कोकणी गडी कानात बाळ्या घालत, म्हणून तिथे याला 'बाल्या नाच' हे नाव पडले. मधे ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर; भोवती पायात चाळ बांधलेल्या नर्तकांचे रिंगण. कुणबी समाजाने ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. तिचे स्पर्धात्मक रूप म्हणजे शक्ती-तुरा. शक्तीवाले प्रकृतीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले पुरुषाला, आणि पुराणांतले दाखले देत रात्रभर एकमेकांना कोड्यात पकडतात.

जाखडीतील रचनांची प्रतवारी करायची तर आमच्या लेखी सवाल-जवाब पहिले. शाहिराचे पाठांतर, हजरजबाबीपणा आणि आवाज या तिन्हींचा कस तिथे लागतो. त्यानंतर गण. त्यात गणपतीचे स्तवन असतेच, शिवाय आपल्या गुरूचे आणि गावाचे नाव गुंफण्याची शाहिराची हातोटीही दिसते. गवळण तिसरी. तिच्यात नाचाला वाव अधिक असतो आणि शब्द पुष्कळदा ठरावीक साच्यातले असतात.

अडचण अशी की यांतली थोडीच गाणी छापली गेली. बाकीची शाहिरांच्या हस्तलिखित वह्यांत आहेत, आणि वही ज्याच्या हाती जाईल त्याला चाल ठाऊक असेलच असे नाही. अलीकडे सामन्यांची चित्रफीत निघते, ती मुंबईतल्या नातेवाइकांपर्यंत पोहोचते, हे चांगलेच. पण ढोलकीच्या जोडीला ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड आले आणि गणाला गाजलेल्या चित्रपटगीताची चाल लावण्याचा मोह वाढला. श्रोते चाल ओळखून टाळ्या देतात, तेवढ्यात शब्द निसटतात. मुंबईत या कलेला ज्या रंगमंचांनी आसरा दिला त्यांत परळचे दामोदर नाट्यगृह अग्रेसर होते. १९२२ मध्ये उभे राहिलेले ते नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. जिल्ह्यात मात्र आरती आटोपून, चहा घेऊन, पावसाची उघडीप पाहून रिंगण अजून धरले जाते. या चतुर्थीला गावी जाणाऱ्यांनी रिंगणातल्या शाहिराला एवढे विचारावे, की हा गण कोणी रचला आणि त्याची मूळ चाल कोणती. उत्तर मिळाले तर तिथेच लिहून घ्यावे.