डोंगरातलं गलबत

पाचोऱ्याला उतरा. साल 1875च्या आगेमागचं, दिवस थंडीचे. जी.आय.पी.ची गाडी भुसावळकडे निघून जाते आणि तुमच्या वाट्याला येते बैलगाडी. शेंदुर्णी, पहूर मागे पडतं. हाडं खिळखिळी होतात, पण फडक्यात कळण्याची भाकरी आणि भरीत आहे, तक्रार नको. फर्दापूरला पोचलात की निजामाचा मुलूख. पुढे वाघूरच्या काठाकाठानं अजिंठ्याची लेणी.

दुसऱ्या लेण्यात शिरताना आधी अंधार लागतो, मग नाकात जवसाच्या तेलाचा वास जातो. मुंबईच्या जे.जे. स्कूलची पोरं इथं जॉन ग्रिफिथ्स साहेबाच्या हाताखाली भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवताहेत. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलाच. तिकडे फ्रान्समध्ये याच सुमारास मोने नावेवर स्टुडिओ थाटून सेन नदी रंगवतोय. इथं उलटा मामला: चित्रकार कातळात, शीड भिंतीवर.

उजव्या भिंतीशी जा. तीन डोलकाठ्या, त्यांवर उभी, चिंचोळी शिडं. नाळेवर रंगवलेला डोळा. गलबतात ओळीनं मांडलेले रांजण आणि हात जोडून धावा करणारा एक माणूस. गोष्ट पूर्णाची, आपल्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याची: चंदन आणायला गेलेला त्याचा भाऊ समुद्रात संकटात सापडतो आणि पूर्णाचा धावा करतो. समुद्र इथून किती लांब! तरी पंधराशे वर्षांपूर्वी ज्यानं हे काढलं, त्यानं जहाज नुसतं ऐकून काढलेलं नाही. रांजण कुठं ठेवतात हे ऐकीव माहितीवर सुचत नाही.

शेजारी एक पोरगा भिंतीवर वार्निशचा हात फिरवतोय. रंग क्षणात उजळतात. त्याचा हात धरावासा वाटतो, कारण पुढं हेच वार्निश पिवळं पडून चित्रांना भोवणार आहे. पण तुमचं कोण ऐकणार?

या नकला लंडनला गेल्या आणि 1885च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी मेजर रॉबर्ट गिलच्या नकलाही 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. गिल 1879 साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

मूळ गलबत मात्र अजून भिंतीवर आहे. जळगावहून दीड-दोन तासांची वाट. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी पाहून घाईनं पुढं सटकू नका. दुसऱ्यात थांबा, आणि फ्लॅश बंद ठेवा.