राळ्याचे दाणे

माझी पहिली भयकथा एका दिवाळी अंकात छापून आली, तिच्यात हडळ होती. उलटी पावलं, मोकळे केस, विहिरीचा काठ, सगळा सरंजाम. लुगडं तेवढं हिरवं दिलं होतं, कारण पांढऱ्या साडीचा मला कंटाळा आला होता. आईनं चष्मा लावून एका बैठकीत कथा वाचली, अंक मिटला आणि म्हणाली, "जमलीय चांगली. पण अगं, आपल्याकडे एक झालेली. तिला उगाच विहिरीवर बसवायला नको होतंस."

मला वाटलं, गावातलं एखादं जुनं भूत असेल. कोकणात प्रत्येक वाडीला असतं तसं. आई म्हणत होती ते माझ्या आजोबांच्या पहिल्या बायकोबद्दल.

तोवर आजोबांना आधीची बायको होती हेच मला ठाऊक नव्हतं. १९३०च्या दशकातली गोष्ट. मुलगी सतरा-अठरा वर्षांची, पहिलंच बाळंतपण, तिसऱ्या दिवशी गेली. मूलही गेलं. ओली बाळंतीण गेली म्हणजे ती परत येणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं. म्हणून तिरडी उचलली तेव्हा मागून एक माणूस स्मशानापर्यंत राळे टाकत गेला. ती रात्री घराकडे यायला निघाली की वाटेवरचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे येता येत नाही. वेचून होण्याआधी कोंबडा आरवतो आणि तिला परत फिरावं लागतं. एवढ्यावरही भरवसा नको म्हणून दाराच्या उंबऱ्यात लोखंडी खिळे ठोकले. तो उंबरा मी चांगलाच ओळखते. मे महिन्याच्या सुट्टीत ओटीवरून माजघरात पळताना त्यातल्या एका खिळ्यानं माझा अंगठा फोडला होता. आजीनं हळद भरली आणि म्हणाली, "तो जुना आहे, काढायचा नसतो." का, ते मी विचारलं नाही. दहा वर्षांच्या मुलीला खिळ्यामागे काही गोष्ट असेल असं वाटत नाही.

भयकथेचं माझं शिक्षण पुढे भलतीकडेच झालं. गल्लीतल्या वाचनालयात नारायण धारपांची पुस्तकं होती, सतत कुणीतरी नेलेली, बांधणी सुटलेली. १९९३मध्ये टीव्हीवर 'झी हॉरर शो' सुरू झाला. तो मी पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पाहिला. रामसे बंधूंचाच कार्यक्रम तो. मग व्हिडिओ कॅसेटवर त्यांचे 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाज़ा' झाले. या चित्रपटांवर हसणं सोपं आहे, आणि मीही हसते. पण माझ्या पहिल्या हडळीचे केस वाऱ्यानं ज्या बाजूला उडत होते ती बाजू रामशांच्या पंख्याची होती, हे कबूल केलं पाहिजे.

धारपांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं. 'लुचाई' आणि 'शपथ' मी कॉलेजात पुन्हा वाचल्या, त्याच सुमारास स्टीफन किंग इंग्रजीत हाती आला, आणि ओळखीच्या घरात अनोळखी माणसं राहायला आलेली दिसावीत तसं झालं. आठवडाभर फसवणूक झाल्यासारखं वाटलं. नंतर राग ओसरला. अमेरिकेतल्या छोट्या गावातली भीती उचलून मराठी माणसाच्या वाड्यात, त्याच्या नातेसंबंधांत आणि देवघराशेजारी नेऊन ठेवायची, आणि वाचणाऱ्याला ती तिथलीच वाटायला लावायची, हे काम सोपं नाही. मी करून पाहिलं आहे, जमलं नाही. किंगच्या म्हाताऱ्या आजीची गोष्ट धारपांनी 'आजी' म्हणून लिहिली. ती राही अनिल बर्वे यांनी १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राच्या तोंडून ऐकली, असं त्यांनीच सांगितलं आहे. तिचं बीज धरून पंचवीस वर्षांनी, २०१८मध्ये, 'तुंबाड' आला. अमेरिकन आजी धारपांकडे, धारपांची आजी जंगलातल्या एका रात्रीत, आणि तिथून पडद्यावर साखळदंडानं बांधलेली. राळ्याचे दाणे अशा गोष्टींना अडवू शकत नाहीत.

रत्नाकर मतकरींनी स्वतःच्या कथांना गूढकथा म्हटलं, आणि तो शब्द त्यांनी नीट निवडलेला होता. 'खेकडा'मधल्या कथा वाचताना भुताची वाट पाहायची सवय सुटते. भय माणसाच्या आत, त्याच्या शारीरिक व्यंगात, हेव्यात, एकटेपणात असतं. आणि हाच माणूस 'अलबत्या गलबत्या' आणि 'निम्मा शिम्मा राक्षस' लिहून मुलांना चेटकिणीवर खदाखदा हसवत होता. मला त्यांचा हेवा वाटतो तो याचा.

पण धारप काय, मतकरी काय, रामसे काय, आजोबांच्या पहिल्या बायकोपाशी मला कुणीच नेलं नाही. तिच्यापर्यंत मी पोचले ती एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून.

ए. एम. टी. जॅक्सन हे नाव आपल्याला शाळेत भेटतं ते गोळी लागलेला माणूस म्हणून. नाशिकचा कलेक्टर. २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात त्याच्या सन्मानार्थ 'शारदा'चा प्रयोग होता, आणि तिथं विशीही न गाठलेल्या अनंत कान्हेऱ्यानं त्याला ठार मारलं. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा तो सूड होता. एप्रिल १९१०मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. एवढं पाठ्यपुस्तकात असतं. जॅक्सन संस्कृतचा जाणकार होता आणि मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती गोळा करत होता, हे त्यात बहुधा नसतं. गावोगावच्या शाळामास्तरांनी त्यासाठी उत्तरं लिहून पाठवली होती: पाऊस पडावा म्हणून तुमच्याकडे काय करतात, दृष्ट कशी काढतात, भुतं किती प्रकारची. जॅक्सन गेल्यावर ते कागद रेजिनाल्ड एन्थोव्हेनकडे आले. त्यानं आधी गुजरातचा खंड काढला आणि १९१५मध्ये कोकणचा. हा एन्थोव्हेन म्हणजे १९०१च्या शिरगणतीत मुंबई इलाख्याचा प्रमुख. जिवंत माणसं जातवार मोजून झाल्यावर तो मेलेल्यांकडे वळला, असं मी मनाशी म्हणते. हा विनोद आहे, पण पुस्तक उघडलं की तितकासा राहत नाही.

भुतांची तिथली वर्गवारी अशी. मुंज झाली, सोडमुंज व्हायची राहिली आणि ब्राह्मणाचा मुलगा मेला, तर मुंजा. धनाचा लोभ न सुटलेला, वारस नसलेला गेला, तर समंध. तो आपल्या ठेव्याला कुणाला हात लावू देत नाही. कोळ्या-खारव्यांमधला झोटिंग. बुडून किंवा मारला जाऊन गेलेला गिऱ्हा. बायकांचा हिशोब वेगळा. नवरा मागे ठेवून गेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. बाळंतपणात, विटाळात गेली तर अळवंत, हडळ.

मी ही पानं पहिल्यांदा वाचली ती कथेसाठी कच्चा माल म्हणून. पेन घेऊनच बसले होते. दुसऱ्या वाचनात पेन खाली ठेवलं. पुरुष मेल्यावर काय होणार हे त्याची जात, त्याचा व्यवसाय, त्याची संपत्ती यावरून ठरतं. बाई मेल्यावर काय होणार हे नवरा आहे की नाही आणि मूल कुठवर आलं होतं यावरून. कोष्टकात सगळ्यांना रकाने आहेत, नाव कुणालाच नाही. उत्तरं लिहिणारे बहुतेक सगळे मास्तर, म्हणजे पुरुष. बाळंतिणीच्या काळोख्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं असण्याची शक्यता कमीच. तिथून बाहेर आलेली बाई कोणतं भूत होते, ते मात्र त्यांना स्वच्छ अक्षरात लिहिता आलं.

आणि त्या रात्री नाशिकला चाललं होतं ते देवलांचं 'शारदा', पैशासाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीचं नाटक. कागदावर हडळींची नोंद करणारा माणूस समोर बसलेला आणि रंगमंचावर त्या कुठून येतात त्याची गोष्ट. मी हा प्रसंग कथेत वापरला असता तर संपादकांनी 'फार जुळवून आणलंय' म्हणून परत पाठवली असती.

याच पुस्तकानं मला 'तुंबाड' दुसऱ्यांदा पाहायला लावला. ठेवा राखणारी, मरू न शकणारी, भुकेली म्हातारी आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा येणारा लोभी वंशज. हस्तर ही चित्रपटानं नव्यानं घडवलेली देवता, पण त्याच्यामागे आपला जुना समंध उभा आहे. पडद्यावर सोन्याची नाणी पडत होती, आणि मला मानवत आठवत होतं. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातल्या त्या गावाच्या आसपास बायका आणि लहान मुलींचे खून झाले, गुप्तधन मिळावं म्हणून. तिथं समंध नव्हता. तो आहे असं मानणारी माणसं होती, आणि तेवढं पुरलं.

एका कार्यक्रमात एका गृहस्थांनी मला उभं राहून विचारलं, "ताई, तुम्ही या गोष्टी लिहून अंधश्रद्धा पसरवता, असं नाही वाटत?" २०१३च्या ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला, त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला कायदा खुनानंतर काही दिवसांत अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला. मी तेव्हा काहीतरी साचेबद्ध उत्तर दिलं, की वाचक सुज्ञ असतो, कथा ही कथा असते वगैरे. टाळ्या पडल्या. घरी येऊन कायद्याची अनुसूची वाचली. पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरानं, साखळीनं बांधणं, काठीनं, चाबकानं मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. माझ्या तोवरच्या निदान तीन कथांमध्ये मांत्रिक हे करतो, आणि कथेत तो बरोबर ठरतो, कारण कथेत भूत खरं असतं. त्या गृहस्थांना मी ही गोष्ट सांगायला हवी होती.

त्यानंतर मी मांत्रिक लिहिला नाही. भुतं मात्र सोडली नाहीत. २०१७मध्ये आलेला विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' मला या बाबतीत शहाणपणाचा वाटला. उसाचं रान, एकाकी घर, गर्भार बाई. सगळी जुनी सामग्री आहे. पण घाबरायचं कुणाला, याचं उत्तर भुतापाशी न थांबता त्या घरातल्या जिवंत माणसांपर्यंत जातं. पुढे त्यांनीच तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला. मला मराठीतलाच अधिक लागला. त्या घरातली म्हातारी ज्या मायेनं जेवायला वाढते, ती माया मी जवळून पाहिलेली आहे.

आता आजीबद्दल. ती आजोबांची दुसरी बायको. तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या आत, पोलक्याखाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा एक छोटा टाक असायचा. लहानपणी मला ती देवी वाटायची. कुठली ते विचारलं की आजी "आहे एक" म्हणायची. तो सवतीचा टाक होता. पहिलीनं दुसरीला त्रास देऊ नये म्हणून तिची प्रतिमा गळ्यात बाळगायची, नवं लुगडं, हळदकुंकू आधी तिला दाखवायचं आणि मग आपण घ्यायचं. हेही त्या इंग्रजी पुस्तकात आहे, कोरड्या दोन ओळींत. आईनं त्यात आणखी सांगितलं. आजीची चार बाळंतपणं त्याच खोलीत झाली, आणि प्रत्येक वेळी कळा सुरू झाल्या की ती टाक मुठीत धरून त्याच्याशी बोलायची. सुईणीला वाटायचं, भीतीनं विनवतेय. आईनं मोठेपणी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "भीती कसली? त्या खोलीत काय होतं हे घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं."

कुळाचा छापील वृत्तांत मी शोधून काढला. आजोबांच्या नावापुढे आजीचं नाव, माहेर, चार मुलं. पहिलीची नोंदच नाही. गावात विचारून पाहिलं. ज्यांना आठवलं असतं ते आता नाहीत. आईलाही नाव माहीत नाही. घरात तिचा उल्लेख 'ती' किंवा 'आधीची' असाच व्हायचा. हडळीच्या त्या कथेत नाव सुचेना म्हणून मीही तिला 'ती'च ठेवलं होतं. संग्रह काढताना ती कथा वगळली. प्रकाशक म्हणाले, तुमची सगळ्यात लोकप्रिय कथा तीच आहे. आहे खरी.

घर विकलं तेव्हा नव्या मालकानं उंबरा बदलून संगमरवर बसवला. जुना कुठं गेला कळलं नाही, बहुधा चुलीत. टाक आईच्या देव्हाऱ्यात आहे, बाकीच्या टाकांच्या रांगेत, शेवटचा. परवा दिवाळीआधी चिंचेनं देव घासताना तो हातात घेऊन नीट पाहिला. खांदे आहेत, पदराची एक रेघ आहे. चेहरा आजीच्या अंगावर साठ वर्षं घासून सपाट झालाय. आई म्हणाली, "अगं, त्याला जास्त घासू नकोस," आणि माझ्या हातातून घेऊन पदरानं पुसून जागेवर ठेवला.