क्षयरोग : शरीरातील पहिले पहारेकरी

क्षयाचे जंतू श्वासावाटे शरीरात शिरले म्हणजे क्षयरोग जडलाच, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जंतूंचा संसर्ग झालेला आहे. मात्र त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. इतरांच्या शरीरात जंतूंना आवर घातला जातो. या बंदोबस्ताचा आरंभ उपजत प्रतिकारशक्तीच्या संवेदक प्रथिनांपासून, म्हणजेच रिसेप्टरपासून होतो.

ओळख कशी पटते?

ही प्रथिने फुफ्फुसातील भक्षक पेशींच्या पृष्ठभागावर व अंतर्भागात असतात. 'टोल-लाइक रिसेप्टर-२' जंतूच्या आवरणातील मेदयुक्त प्रथिने ओळखतो, 'टीएलआर-९' त्याचा डीएनए, तर 'नॉड-२' पेशीभित्तिकेचे तुकडे. इशारा मिळताच पेशी दाहकारक रसायने सोडतात आणि पुढे टी-पेशी लढ्यात उतरतात. उपजत प्रतिकारशक्ती कशी जागी होते, हे उलगडणारे ब्रूस ब्यूटलर व ज्यूल्स हॉफमन २०११ च्या वैद्यकातील नोबेलचे मानकरी ठरले.

जंतूची चलाखी

जंतूही तितकाच धूर्त आहे. आवरणातील शर्करायुक्त मेदाच्या साहाय्याने तो 'मॅनोज रिसेप्टर'मार्गे भक्षक पेशीत शिरतो आणि ज्या कप्प्यात त्याचा नाश व्हायचा, त्या कप्प्याची पुढील वाढच रोखतो. भक्षकाचे पोटच त्याचे आश्रयस्थान बनते.

पुण्यातील लस

'व्हीपीएम १००२' या लशीचा रोख याच कप्प्यावर आहे. बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत बीसीजी जंतूत जनुकीय बदल करून ती घडविण्यात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचा पुढील विकास केला. या लशीतील जंतू कप्प्याच्या पटलाला छिद्रे पाडतात. त्यामुळे त्यांचा डीएनए पेशीद्रवात उतरतो व तेथील 'एम-२' हा संवेदक जागा होतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांवर तिची चाचणी सुरू केली.

आहाराचे महत्त्व

कुपोषण, मधुमेह व एचआयव्ही यांमुळे ही तटबंदी ढासळते. म्हणूनच उपचार घेणाऱ्या रुग्णांना मिळणारे दरमहा ५०० रुपयांचे पोषण साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये करण्यात आले. वाशीम जिल्ह्यातील अनसिंग असो वा मुंबई, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी करून घ्यावी. तपासणी व औषधे तेथे मोफत मिळतात. पहारेकरी हरले, तरी औषधोपचाराने हा रोग बरा होतो.