फास्टर फेणे वाचून संपला, आता पुढे काय? किशोरवयीन मुलांसाठी मराठी कादंबरी निवडताना

सहावी-सातवीपर्यंत मराठी गोष्टींची पुस्तकं वाचणारं मूल आठवीत गेलं की मराठी वाचायचं सोडून देतं, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. खापर मोबाइलवर फुटतं. मोबाइलचा वाटा आहेच. पण याच वयाची कितीतरी मुलं इंग्रजीत 'हॅरी पॉटर'चे सातही जाडजूड भाग फडशा पाडतात. म्हणजे वाचायचा कंटाळा नाही. मराठीत पुढचं पुस्तक कोणतं, हे सांगणारं कुणी भेटत नाही, ही खरी अडचण असते.

इंग्रजीत साधारण बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी 'यंग अडल्ट' असा वेगळा कप्पाच असतो. त्याची सुरुवात बरेच जण 'द आउटसायडर्स' या कादंबरीपासून मानतात. ती 1967 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अवघी अठरा वर्षांची होती. या कादंबऱ्यांचा नायक वाचकाच्याच वयाचा असतो आणि घर, मैत्री, प्रेम, शरीर, मृत्यू यांच्याशी त्याची पहिल्यांदा गाठ पडते. मोठी माणसं गोष्टीत असतात, पण प्रश्न सोडवायला ती धावून येत नाहीत.

मराठीत बालसाहित्य आहे, कुमारसाहित्य आहे आणि त्यापुढे एकदम मोठ्यांचं साहित्य. मधली पायरी दुकानात दिसत नाही. पण शोधली तर सापडते. या वयाला नेमकी लागू पडणारी बरीच पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात ठेवलेली आहेत.

सुरुवात फुरसुंगीपासून

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा. सायकल, चौकस डोकं आणि तोंडातून निघणारा 'ट्टॉक्' हा आवाज एवढ्या भांडवलावर तो 20 पुस्तकं गाजवतो. 2017 साली त्याच्यावर चित्रपट आला तेव्हा नव्या पिढीला नाव कळलं, मात्र पडद्यावरचा फेणे कॉलेजवयीन होता आणि पुस्तकातला शाळकरी आहे. दहा ते बारा वर्षांच्या वाचकाला तो आजही चालतो. भाषा जुनी झाली असली तरी वेग जुना झालेला नाही. त्याच वयाला ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' हेही चालतात.

'श्यामची आई'बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. ते बहुतेक मुलांच्या हाती 'संस्कारांचं पुस्तक' म्हणून दिलं जातं आणि तिथेच त्याचा घात होतो. औषधासारखी दिलेली वस्तू कोण आवडीने घेईल? प्रत्यक्षात त्यातला श्याम पाण्याला घाबरून लपून बसतो, चोरी करतो, खोटं बोलतो, मार खातो. गरिबी कुटुंबाला कशी कुरतडत जाते याचं इतकं उघड चित्र मुलांसाठीच्या फार थोड्या पुस्तकांत आहे. संस्काराचा शिक्का न मारता ते दिलं तर तेराव्या वर्षीही वाचलं जातं.

लंपन

तेरा-चौदाच्या वाचकासाठी मराठीत एकच नाव सुचवायचं झालं, तर ते प्रकाश नारायण संतांच्या लंपनचं. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' अशी चार पुस्तकं. काटेकोरपणे पाहिलं तर या कादंबऱ्या नाहीत, एकाच मुलाच्या सलग कथा आहेत. पण वाचताना अनुभव कादंबरीचाच येतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे, कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावात लंपन वाढतो. त्याच्या मराठीत कानडी हेल मिसळलेला आहे आणि 'मॅडसारखं' हा शब्द त्याला फार प्रिय आहे. शेजारच्या सुमीबद्दल त्याला जे वाटतं, त्याला त्याच्याकडे नाव नाही. लेखकही ते देत नाही.

इथे एक सावधगिरी. या पुस्तकांत घटना कमी आणि मनातली खळबळ जास्त आहे. रहस्यकथांवर वाढलेल्या मुलाला पहिली वीस पानं संथ वाटू शकतात. अशा वेळी मोठ्या कुणी एक कथा मोठ्याने वाचून दाखवणं हा चांगला उपाय ठरतो, कारण या भाषेची गंमत डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

'शाळा' द्यावी की नाही?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (2004) ही या यादीतली सर्वांत वादाची कादंबरी. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातली शिरोडकर आणि पार्श्वभूमीला आणीबाणी. सुजय डहाके यांनी तिच्यावर केलेल्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनेक पालकांनी ती स्वतः आवडीने वाचलेली असते, तरी नववीतल्या मुलाच्या हातात द्यायला ते कचरतात. मुलांच्या तोंडी शिवराळ भाषा आहे, मुलींबद्दलची शाळकरी टवाळी आहे, अभ्यास सोडून चाललेल्या भानगडी आहेत.

हे सगळं खरं आहे, आणि ती द्यावी याचंही हेच कारण आहे. ज्या वर्गात ही गोष्ट घडते, त्याच वर्गात तो वाचक रोज बसतो. त्यातली भाषा त्याने मधल्या सुट्टीत आधीच ऐकलेली असते. कादंबरी त्याच्यापुढे ठेवते ती वेगळीच गोष्ट: आपल्याला आवडणाऱ्या मुलीचं चार लोकांत नाव निघालं की तिला काय भोगावं लागतं, आणि मुलांच्या टोळीची मर्दुमकी प्रसंग आल्यावर किती पोकळ निघते. प्रेमाच्या नावाखाली चाललेले रील रोज पाहणाऱ्या मुलाला हा धडा कुठलं व्याख्यान देणार नाही. पालकांनी आधी स्वतः वाचावी आणि मग नववी-दहावीत खुशाल द्यावी. सहावीत मात्र नको. त्या वयाला तिच्यातलं फक्त टवाळीचं बोलणंच कळेल.

मुलींच्या गोष्टी कुठे आहेत?

वरची यादी पाहिली तर एक खटकणारी गोष्ट लक्षात येते. फेणे, गोट्या, बोक्या, श्याम, लंपन, मुकुंद: सगळे मुलगे. मुली मुलग्यांच्या गोष्टी वाचत आल्या, उलट फारसं झालं नाही. ताम्हनकरांची 'चिंगी' आहे, पण चौदा वर्षांच्या मुलीने आपल्याच आतल्या उलथापालथीबद्दल वाचावं अशी मराठी कादंबरी शोधताना दमछाक होते. मराठी प्रकाशनातली ही उणीव आहे आणि ती मान्य केलेली बरी.

ही पोकळी बरीचशी अनुवादांनी भरली. शांता शेळके यांनी लुईसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा 'चौघीजणी' या नावाने केलेला अनुवाद पिढ्यान् पिढ्या वाचला गेला. चार बहिणींतली ज्यो लेखिका व्हायचं ठरवते, आपल्या रागाशी झगडते आणि कुणाच्या साच्यात बसत नाही. मूळ पुस्तक 1868 चं असूनही ती आजच्या मुलीला परकी वाटत नाही.

अनुवादांतलंच दुसरं रत्न म्हणजे राम पटवर्धनांचं 'पाडस'. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या 'द इयर्लिंग'चा हा मराठी अवतार. मूळ कादंबरीला 1939 साली पुलित्झर मिळालं होतं. फ्लोरिडाच्या रानात राहणारा ज्योडी हरणाचं एक पाडस पाळतो. पाडस मोठं होतं आणि घराचं पोट ज्या पिकावर आहे त्याच पिकात शिरतं. पुढे काय होतं ते इथे सांगणं वाचकावर अन्याय ठरेल. रडू येणार, एवढी कल्पना देऊन ठेवावी. आकाराला मोठं आहे, त्यामुळे परीक्षेनंतरच्या सुट्टीत द्यावं.

शेत, धरण, दुष्काळ

शहरातल्या मुलांसाठी खिडकी आणि गावातल्या मुलांसाठी आरसा ठरतील अशी तीन पुस्तकं. आनंद यादवांची 'झोंबी' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी शिक्षणासाठी बापाशी आणि दारिद्र्याशी झुंजणाऱ्या मुलाची आहे. तिला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातली मारहाण आणि उपासमार थेट आहे, म्हणून पंधरानंतर. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) लहानशी आहे, मेंढपाळांच्या वस्तीवर आलेल्या तरुण मास्तराची गोष्ट. आणि ल. म. कडू यांची 'खारीच्या वाटा', जिला 2017 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. धरणाच्या पाण्याखाली जाणारं गाव एका मुलाच्या नजरेतून दिसतं. बारा वर्षांच्या वाचकालाही ती झेपते.

विज्ञानाची ओढ असलेल्या मुलाला जयंत नारळीकरांची 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' द्यावी. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा स्पर्धेसाठी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती, आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. हा किस्सा सांगितला की निम्मं काम होतं.

'मृत्युंजय'बद्दल पुष्कळांना विचारायचं असतं. शिवाजी सावंतांची ही कादंबरी अनेकांनी शाळेतच वाचली आणि त्यानंतर वाचनाचं वेड लागलं, हे खरं. पण ती भली जाडजूड आहे आणि भाषा अलंकारिक. इंग्रजी माध्यमातल्या मुलाचा देवनागरी वाचण्याचा वेग कमी असेल तर पहिलंच मराठी पुस्तक म्हणून ती दिल्यास शेवटचंही तेच ठरण्याचा धोका असतो. आधी 'बनगरवाडी'सारखं छोटं पुस्तक संपवू द्यावं. आणि सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' मुलं कॉलेजात गेल्यावर कुणाच्याही शिफारशीशिवाय शोधून काढतातच.

शिफारस करायची कशी?

वयापेक्षा आवड आधी विचारावी. 'तुला काय वाचायला आवडतं?' या प्रश्नाला बहुतेक मुलं खांदे उडवतात. त्याऐवजी शेवटी कोणती मालिका किंवा सिनेमा मनापासून पाहिला, आणि त्यात नेमकं काय आवडलं, हे विचारलं की दिशा कळते. भुताच्या मालिका बघणाऱ्याला 'चौघीजणी' देऊन उपयोग नाही. त्याला रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्याव्यात.

एकच पुस्तक पुढे करू नये, तीन ठेवावीत आणि निवड त्याच्यावर सोडावी. अर्धवट सोडायची मुभा हवी. फ्रेंच लेखक आणि शिक्षक दानिएल पेनाक यांनी 1992 साली वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क त्यांतलाच एक. वाचून झाल्यावर 'काय शिकलास?' हा प्रश्न टाळावा. 'तू मुकुंदाच्या जागी असतास तर?' असं विचारलं तर गप्पा होतात.

पुस्तकं विकतच घ्यायला हवीत असंही नाही. गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी बहुधा एका नव्या पुस्तकाच्या किमतीपेक्षा कमी असते. परदेशातल्या मराठी घरांना, जिथे पुस्तक पोहोचायला वेळ लागतो, बालभारतीचं 'किशोर' मासिक हा सोपा मार्ग आहे. 1971 पासूनचे त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आणि एका अंकातली गोष्ट एका बैठकीत संपते.