आठ, चाळीस, चव्वेचाळीस

टेलिफोनची तार तुटली की तिची फिर्याद घेऊन माणूस कचेरीत जातो, आणि आगगाडीच्या रुळाला तडा गेला की तो रोज रूळ तपासत हिंडणाऱ्या गँगमनच्या नजरेस पडतो. परंतु जिच्यावर माणसे बोलतच नाहीत, जिच्या दोन्ही टोकांना यंत्रेच बसलेली आहेत आणि तीही एकमेकांपासून शेकडो मैल दूर, अशा तारेचे कुशल कोणी विचारावे आणि ते कोणाला कळवावे, हा प्रश्न १९६९ साली प्रथमच गंभीरपणे उभा राहिला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या शाखेने त्या वर्षाअखेर लॉस एंजेलिस, सांता बार्बरा, स्टॅनफर्डची संशोधन संस्था आणि युटा ही चार ठाणी टेलिफोन कंपनीकडून भाड्याने घेतलेल्या तारांनी जोडली. या तारांवरून दर सेकंदाला ५०,००० बिट वाहून नेता येत. प्रत्येक ठाण्यात 'इंटरफेस मेसेज प्रोसेसर', म्हणजे बोलीभाषेत 'इम्प', नावाचे शीतकपाटाएवढे यंत्र तैनात झाले. हनीवेलच्या संगणकावर ही यंत्रे घडवण्याचा मक्ता अमेरिकेतील केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेकडे होता. तेथील मंडळाचे प्रमुख फ्रँक हार्ट यांचा दंडक असा, की ज्या विद्यापीठात इम्प बसेल तेथील हुशार विद्यार्थ्यांनी त्याला हातसुद्धा लावू नये. त्याच्या प्रकृतीची सर्व चिंता केंब्रिजहून वाहिली जाईल. विद्यार्थ्यांवरचा हा अविश्वास आज काहीसा कठोर वाटतो. पण त्या अविश्वासापोटीच दूरनिगराणीची विद्या जन्माला आली, हेही नाकारता येत नाही.

या विद्येचा पाया शेजारधर्मावर घातलेला होता. तारेवर निरोपांची वर्दळ नसली म्हणजे प्रत्येक इम्प शेजारच्या इम्पला दर अर्ध्या सेकंदाने एक रिकामी हाक घाली, आणि शेजाऱ्याने 'ऐकले' एवढाच प्रतिसाद द्यावा, अशी रीत होती. सुमारे अडीच सेकंद काहीच ऐकू आले नाही तर ती तार मृत समजली जाई, तिच्यासाठी ताटकळलेली पॅकेटे, म्हणजे निरोपांचे तुकडे, दुसऱ्या वाटेने रवाना होत आणि सर्व ठाण्यांतील मार्गांचे तक्ते आपोआप बदलत. मात्र एकदा मृत ठरलेल्या तारेला पुन्हा जिवंतांत गणले जाण्यासाठी लागोपाठ तीस हाकांची उत्तरे मिळवून दाखवावी लागत, आणि त्याला निदान पंधरा सेकंद लागत. अडीच सेकंदांत बडतर्फी आणि पुनर्नियुक्तीला मात्र सहापट विलंब, ही विषमता हेतुपुरस्सर होती. क्षणात तुटणारी नि क्षणात जुळणारी तार ही पूर्ण तुटलेल्या तारेपेक्षा अधिक घातक, कारण तिच्या प्रत्येक उघडझापीबरोबर साऱ्या जाळ्याला आपले तक्ते नव्याने मांडावे लागतात, हे या मंडळींनी आरंभीच ओळखले होते.

शेजाऱ्यांनी परस्परांना विचारून मिळवलेली ही माहिती मध्यवर्ती कचेरीतही पोहोचावी म्हणून केंब्रिजला नियंत्रण केंद्र स्थापन झाले. आपल्या कोणत्या तारा शाबूत आहेत, कोठे किती चुका आढळल्या, याची हजेरी प्रत्येक इम्प तेथे मिनिटामिनिटाला देई. केंद्रातील माणसाला एखाद्या दूरच्या इम्पला हुकूम देऊन त्याच्या तारेचे तोंड त्याच्याकडेच वळवता येई, म्हणजे यंत्राने धाडलेला मजकूर त्याच यंत्राकडे परत येई. तो धड परत आला तर यंत्र निर्दोष आणि दोष पुढच्या तारेत; विस्कटून आला तर खोट घरचीच. या उपायाने केंब्रिजमध्ये खुर्चीवर बसलेला माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला दोन शहरांमधली तार नादुरुस्त झाल्याची खबर खुद्द टेलिफोन कंपनीला देऊ लागला. ज्या शहरांत आपण नाही तेथील तारेबद्दल हा इसम इतक्या खात्रीने कसा बोलतो, याचे त्या कंपनीच्या कारागिरांना आरंभी मोठे नवल वाटे.

परंतु निगराणीची ही सारी इमारत एका गृहीतकावर उभी होती, आणि ते म्हणजे हजेरी देणारा खरे बोलतो. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात हार्वर्ड येथील इम्पची स्मृती बिघडली आणि त्याच्या मार्गतक्त्यात सर्वत्र शून्ये उमटली. येथून कोणतेही ठाणे शून्य अंतरावर आहे, असे त्याने शेजाऱ्यांना कळवले, शेजाऱ्यांनी ते प्रमाण मानून पुढच्यांना सांगितले, आणि देशभरची पॅकेटे या अद्भुत जवळच्या वाटेच्या लोभाने हार्वर्डकडे लोटून तेथेच गडप झाली. तारा सर्व शाबूत, आणि पत्र मात्र कोणाचेच पोहोचत नाही, असा हा प्रकार होता.

याहून मोठा प्रसंग पुढे आला. १९७९ साली मार्गनिश्चितीची जुनी रीत मोडून नवी आणली गेली. तिच्यात प्रत्येक इम्प आपल्या स्वतःच्या तारांवर किती विलंब लागतो एवढेच मोजी आणि ते वृत्त जाळ्यातील यच्चयावत ठाण्यांना धाडी. शेजाऱ्याच्या ऐकीव गोष्टी पुढे सांगण्याची प्रथा बंद झाली. एकाच ठाण्याची दोन वृत्ते हाती आली तर त्यांतले ताजे कोणते हे ठरवण्यासाठी प्रत्येक वृत्तावर ० ते ६३ पर्यंतचा क्रमांक असे, आणि ६३ नंतर पुन्हा शून्यापासून गणती सुरू होई. क्रमांकांचे हे चक्र असल्यामुळे नियम असा केला होता, की एका क्रमांकापासून पुढे ३२ घरांपर्यंत जे क्रमांक येतील ते त्याच्याहून ताजे मानावेत.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी काही तास हे जाळे निरुपयोगी झाले. इम्पचा सारा वेळ कोणत्या तरी तातडीच्या कामात खर्ची पडत होता, त्यामुळे शेजाऱ्याच्या हाकेला ओ देण्यासही त्यांना फुरसत उरली नव्हती आणि धडधाकट तारा मृत ठरत होत्या. शोध घेता इम्पच्या स्मृतीत पन्नास क्रमांकाच्या इम्पच्या वृत्तांची रांग लागलेली आढळली, आणि त्या रांगेतील क्रमांक होते ८, ४०, ४४, पुन्हा ८, ४०, ४४. हे आकडे द्विमान पद्धतीने लिहून पाहावेत. ४४ म्हणजे १०११००. त्यातील एक बिट गळाला की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळाला की ००१०००, म्हणजे ८. पन्नासच्या शेजारचा एकोणतीस क्रमांकाचा इम्प बिघडला होता आणि त्याच्या हातून बिट गळत होते. आता वरील नियम लावावा: ४४ हा ४० हून ताजा, ४० हा ८ पासून नेमका ३२ घरांवर, म्हणून ८ हून ताजा, आणि ८ हा चक्र ओलांडून ४४ पासून २८ घरांवर, म्हणून ४४ हून ताजा. तिघांपैकी प्रत्येक वृत्त दुसऱ्याला शिळे ठरवी, म्हणून प्रत्येक ठाणे प्रत्येक वृत्त नवे मानून स्वीकारी, त्याच्या प्रती सर्व तारांवर धाडी आणि त्याच प्रती फिरून आल्या की पुन्हा स्वीकारी. तारांची खबर देण्यासाठी केलेल्या यंत्रणेनेच तारा बंद पाडल्या. कुंपणानेच शेत खाल्ले. एखादा इम्प बंद करून पुन्हा सुरू करण्यात अर्थ नव्हता, कारण शेजारी तेच तीन कागद त्याच्या हाती लगोलग परत ठेवीत. अखेर पन्नासकडून आलेले प्रत्येक वृत्त विनाचौकशी रद्द करावे, असे ठिगळ लिहून ते एकेका इम्पमध्ये घालावे लागले. या घटनेची सविस्तर कैफियत बोल्ट, बेरानेक अँड न्यूमनच्याच एरिक रोझेन यांनी पुढील वर्षी लिहून प्रसिद्ध केली, आणि आपल्याच चुकीचा असा निःसंकोच पंचनामा आमच्या सरकारी खात्यांच्या दप्तरांत सहसा सापडावयाचा नाही.

रोझेन यांच्या कैफियतीतील एक बाब मला सर्वांत मोलाची वाटते. त्या वृत्तांवर वयाचीही नोंद होती आणि मुदत सरलेले वृत्त बाद व्हावे अशी तजवीज होती. परंतु वय वाढे ते वृत्त एखाद्या ठाण्यात पडून राहिले तरच, आणि ही तीन वृत्ते कोठेही क्षणभर न थांबता धावत असल्यामुळे ती चिरतरुण राहिली.

आर्पाचे जाळे १९९० साली बंद झाले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९९१ मध्ये, आपल्याकडील 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याची पहिली भाड्याची तार दिल्ली आणि मुंबई यांच्यामध्ये सुरू झाली. तिचा वेग सेकंदाला ९,६०० बिट, म्हणजे आर्पाच्या १९६९ सालच्या तारांच्या एकपंचमांशाहूनही कमी होता. मात्र यंत्रांनी परस्परांना हाक घालण्याची आणि आपापल्या तारांचे वृत्त सर्वांना धाडण्याची रीत तीच राहिली. १९८९ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि आज बँकांपासून विद्यापीठांपर्यंत सर्वत्र रूढ असलेल्या 'ओएसपीएफ' या नियमावलीत सामान्यतः दर दहा सेकंदांनी हाक जाते आणि चाळीस सेकंद मौन राहिल्यास शेजारी मृत समजला जातो. क्रमांक आता चक्राकार फिरत नाहीत, एकाच दिशेने वाढत जातात. आणि प्रत्येक वृत्ताच्या वयात, ते कितीही वेगाने धावत असले तरी, एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे निघताना किमान एका सेकंदाची भर घालण्याची सक्ती आहे.