दुसऱ्या कणगीतले बियाणे

जाणता शेतकरी सगळे बियाणे कधी एका कणगीत ठेवीत नाही. थोडे कणगीत, चार निवडक कणसे आढ्याला टांगलेली, आणि पायलीभर भावकीत कुणाला तरी दिलेले. कणगीला घूस लागली तरी पेरणी अडत नाही. आज सांगायची आहे ती हकिगत यंत्रांची आहे. पण तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे. घरातल्या लग्नाचे फोटो, गुरुजींनी संगणकावर उतरवलेले निकाल, कर्जाच्या कागदांच्या नकला, हे सारे आता लोखंडी पेटीत राहत नाही. ते हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर असते, नाहीतर नखाएवढ्या चिपेवर. ती एके दिवशी बंद पडली तर काय, हा प्रश्न आला की आपण म्हणतो, बघू पुढे.

ही तबकडी जन्मली १९५६ साली, अमेरिकेतल्या सॅन होजे गावी, आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत. शिक्षकबंधूंना ऐकून बरे वाटेल, की त्या प्रयोगशाळेचा प्रमुख रेनॉल्ड जॉन्सन हा मुळात शाळामास्तर. मिशिगन राज्यात विज्ञान शिकवताना पेपर तपासण्याचा कंटाळा येऊन त्याने पेन्सिलीच्या खुणा विजेने वाचणारे यंत्र केले, आणि कंपनीने यंत्राबरोबर मास्तरालाही उचलले! त्याच्या हाताखाली जे कपाट तयार झाले, त्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत. वजन टनाहून जास्त. आणि मावायचे किती? सुमारे ५० लाख अक्षरे. म्हणजे आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो मावेल, फार तर दोन.

पुढे तबकड्या लहान झाल्या, स्वस्त झाल्या; पण मोडायच्या राहिल्या नाहीत. १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक निबंध मांडला. त्यांचे म्हणणे असे: एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक लहान, स्वस्त डिस्का एकत्र जुंपाव्यात. मात्र बैल वाढले की त्यातला एखादा आजारी पडण्याची शक्यताही वाढते. म्हणून जुंपणीतच तोड हवी. ती तोड फळ्यावर करून दाखवण्यासारखी आहे. तीन डिस्कांवर १२, ७ आणि ९ हे आकडे लिहिले. चौथीवर बेरीज ठेवली, २८. आता सातवाली डिस्क जळाली. २८ मधून १२ आणि ९ वजा करा, सात हजर! यंत्रात बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब असतो, एवढाच फरक. या पद्धतीला रेड म्हणतात. त्या नावात ‘स्वस्त’ असा शब्द होता. विकणाऱ्या कंपन्यांनी पुढे तो काढून ‘स्वतंत्र’ असा केला. व्यापारच तो.

इथे एक घोटाळा मात्र होतो, आणि भलेभले त्यात सापडतात. रेड म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली तर रेड तारते. पण तुम्ही स्वतःच फाइल पुसली, तर ती सगळ्या डिस्कांवरून इमानेइतबारे पुसली जाते.

१९९८ सालची गोष्ट. पिक्सार या अमेरिकन कंपनीत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालले होते. कुणीतरी साफसफाई करताना ‘इथले सगळे पूस’ हा हुकूम भलत्या ठिकाणी दिला. पडद्यावरची पात्रे माणसांच्या डोळ्यांदेखत नाहीशी होऊ लागली. यंत्रे धावत जाऊन बंद केली, तोवर बहुतेक काम गेले होते. बॅकअप काढा म्हटले, तर तोही कित्येक दिवस नीट होतच नव्हता. कुणी उघडून पाहिलाच नव्हता. वाचवले कुणी? गॅलिन सुसमन या बाईंनी. घरी तान्हे मूल होते म्हणून त्या घरून काम करीत, आणि घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत ठेवीत. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, बाळंतिणीला न्यावे तसा सांभाळत मोटारीतून आणला, आणि गेलेले काम जवळजवळ सगळे परत मिळाले. (गंमत म्हणजे कथा पसंत न पडल्याने पुढे त्यातले पुष्कळसे त्यांनी पुन्हा नव्याने केलेच!)

अशी घरची प्रत आता आपल्यालाही ठेवता येते. २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाब्बे या फ्रेंच तंत्रज्ञाने फ्रीनॅस नावाची फुकट प्रणाली केली. जुना संगणक घ्यावा, त्यात सारख्या मापाच्या दोन डिस्का बसवाव्या, ही प्रणाली घालावी आणि तो तारेने राउटरला जोडावा, की घरातले सगळे मोबाइल आणि संगणक त्यावर आपापली प्रत ठेवू शकतात. त्याच सुमारास सन कंपनीने झेडएफएस ही मांडणी खुली केली. ती प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची पडताळणीची खूण लिहिते, आणि वाचताना ताळा जुळला नाही तर दुसऱ्या डिस्कवरून चांगली प्रत आणते. पाढा म्हणवून घेताना चूक पकडावी, तसे. आपल्या वीजपुरवठ्याची तऱ्हा पाहता एक यूपीएस मात्र घ्याच; लिहिता लिहिता दिवे गेले की डिस्कचे हाल होतात.

पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला हिशेब सोपा आहे: प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. वीज पडली, चोरी झाली, पुराचे पाणी शिरले, तर घरातल्या दोन्ही प्रती एकदमच जातात. आमची बाहेरची डिस्क आत्याच्या गावी, माडीवरच्या फडताळात असते. दसऱ्याला आणि पाडव्याला तिची अदलाबदल होते, आणि परत आलेली डिस्क जोडून आम्ही त्यातले दोन-चार फोटो उघडून पाहतो. मागच्या पाडव्याला एक उघडला नाही. दुसऱ्या प्रतीवरून आणला.